मुद्देमाल क्रमांक सात

अमळनेरच्या ठाण्यात, मागच्या खोलीत,
दारूच्या कॅनांना आणि बिनचाकाच्या एका लुनाला टेकून
ते उभं होतं,
सुतळीनं आवळलेलं, पोटावर लाखेचा ठिपका.

हवालदार सैंदाणे म्हणाले, सुपडू,
तू टीव्ही उघडतोस, मिक्सर उघडतोस,
हे उघड आणि सांग,
येन्हामा नशीब शे का अक्कल?

कोर्टाला तेवढंच हवं होतं.
नशीब निघालं तर जुगार.
अक्कल निघाली तर नुसता खेळ, मालक घरी.
कायदा राणीच्या वेळचा,
त्याच्या तेराव्या कलमात एक खिडकी ठेवलेली
निव्वळ कौशल्यासाठी,
आणि त्याच खिडकीतून
'रोशन व्हिडिओ गेम'चं परमिट दर मार्चला नवं होऊन यायचं,
कर भरलेला, शिक्का गोल.

वकील कोठावदे चहा पिता पिता म्हणाले,
मुंबईला एकदा कॅसिनोचाही कायदा झाला होता.
कर ठरला, दंड ठरला,
लागू कधी, ती तारीख तेवढी कुणी घातली नाही.
सत्तेचाळीस वर्षं पाळण्यात,
बारसं न झालेल्या पोरासारखा,
मग रद्द.
मी विचारलं, मग सुतक कुणाला?
ते हसले. चहाचे पैसे मी दिले.

पडद्याच्या काचेवर चेरी, कलिंगड, घंटा.
केळीच्या मुलखात आलेलं मशीन
आणि त्यात एक केळं नाही.

लोटन भोई, बाजार समितीतला हमाल,
दीडशे पानी वहीत लिहून ठेवायचा :
मंगळवार, सव्वासात, दोन घंटा, मग कलिंगड.
म्हणायचा, सुपडूभाऊ, माले त्यानी चाल समजी गई.
ती वहीही जप्त. क्रमांक आठ.
वकील ती कोर्टात दाखवणार आहेत :
एवढा अभ्यास, म्हणजे कौशल्य नाही तर काय?
शेवटच्या पानावर
बायकोच्या पाटल्यांचं वजन लिहिलंय,
तेही त्याच बारीक अक्षरात.

आखाजीला मीही बसतो.
गावभर सतरंज्या, आंब्याच्या रसाचे हात, तीन पानी,
बायका झोक्यावर, आम्ही पानांवर,
आणि सैंदाणेंचा साडूसुद्धा.
पण तिथं पिसणारा समोर असतो.
हरलो तर कुणाजवळ हरलो ते कळतं,
दुसऱ्या दिवशी त्याच्याच दुकानातून
साखर उधार आणता येते.

चार स्क्रू काढले.
धूळ, झुरळाची अंडी, एक वाकडं रुपयाचं नाणं.
बोर्डाच्या कोपऱ्यात चार खटके,
तांदळाच्या कणीएवढे,
शेजारी आकडे छापलेले :
नव्वद, ऐंशी, सत्तर, साठ.
शंभरातले किती परत द्यायचे, ते.
साठचा खटका दाबलेला होता.

आणि त्याच्या बुडाशी डागाचा एक थेंब,
डावीकडे शेपूट असलेला.
असा डाग तालुक्यात एकच माणूस देतो,
त्याची करंगळी लहानपणी चरकात गेली म्हणून.

तीन वर्षांपूर्वी, टॉवेलात गुंडाळून,
रोशनचा पोऱ्या घेऊन आला होता.
वॉशिंग मशीनचा बोर्ड आहे म्हणाला.
मी विचारलं नाही
की वॉशिंग मशीनला घंटा कशाला.
साठवर कर म्हणाला, केलं.
दीडशे घेतले.

काय मग? सैंदाणे.
लिहा, नशीब नाही.
मग अक्कल?
आहे. पण खेळणाऱ्याची नाही.
अरे, कागदावर दोनच रकाने आहेत.
मग कुणाची, ते त्यांनी विचारलं नाही,
मीही थांबलो, पंखा ऐकत.
त्यांनी काहीतरी लिहिलं. मी वाचलं नाही.

तज्ज्ञ म्हणून सही कर इथं.
पेन ठाण्याचं, टेबलाच्या पायाला बांधलेलं.
दोरी आखूड.
सही करायला
बराच वाकावा लागलो.